ढलपीपासून सुरुवात

घरी सीएनसी राऊटर बनवायचं ठरवलेला माणूस पहिली खरेदी करतो ती बहुतेक वेळा इलेक्ट्रॉनिक्सची. पुण्यात असेल तर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, मुंबईत असेल तर लॅमिंग्टन रोडवर. आर्डुइनो उनो, त्यावर बसणारी सीएनसी शील्ड, चार छोटे ड्रायव्हर, तीन मोटरी. एका पिशवीत मावेल एवढा ऐवज घेऊन तो घरी येतो, त्याच रात्री टेबलावर मोटर फिरवून बघतो आणि अर्धं मशीन झालं असं त्याला वाटतं. तो आनंद खरा असतो, मीही तो घेतला आहे. पण त्या रात्री सुटलेला प्रश्न मशीनच्या एका टोकाचा असतो आणि लाकूड कापलं जातं ते दुसऱ्या टोकाला.

हे पुस्तक त्या दुसऱ्या टोकापासून लिहिलं आहे. कटरची धार लाकडात शिरते तिथे उभं राहायचं आणि एकेक पायरी मागे यायचं: कटर, स्पिंडल, गॅन्ट्री म्हणजे बेडवरून पुढेमागे सरकणारा पूल, मग रेल, स्क्रू, मोटर, ड्रायव्हर, कंट्रोलर आणि सगळ्यात शेवटी संगणकातलं सॉफ्टवेअर. प्रत्येक पायरीवर काय घ्यायचं ते आधीची पायरी सांगते. खरेदी उलट्या क्रमाने झाली की घेतलेल्या वस्तूंना झेपेल असं काम नंतर शोधत बसावं लागतं. मी भोसरीतल्या एका टूलरूममध्ये बावीस वर्षं काढली आणि घरामागच्या शेडमध्ये तीन राऊटर बांधले. त्यांतला पहिला मी बोर्डापासून सुरू केला होता आणि तो सहा महिन्यांत मोडीत काढला. उरलेले दोन अजून चालतात.

तेव्हा पहिला प्रश्न कामाचा. कापायचं काय? आपल्याकडे घरगुती राऊटरवर येणारी कामं बहुतेक ठरलेली आहेत: देव्हाऱ्याची जाळी, दारावरची नावाची पाटी, पाटावरची किंवा चौरंगावरची नक्षी, गणपतीचं मखर. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून श्रावण लागला की प्लायचं मखर कापून मागणारे शेजारीपाजारी माझ्या शेडकडेही वळतात. वरवर ही सगळी एकाच जातीची कामं दिसतात, पण मशीनकडून ती वेगवेगळं मागतात. नावाच्या पाटीला व्ही-बिटची नाजूक, उथळ चाल पुरते; तिथे जोर कमी आणि बारकावा जास्त. बारा मिलिमीटरच्या एचडीएचएमआर बोर्डातून जाळी आरपार कापायची तर ६ मिमीचा कटर तासन्‌तास भाराखाली चालतो. मखराला शीट मोठी लागते पण पातळ. सागाच्या फळीत रेषा कधी मऊ, कधी कडक. कटर एका बाजूला ओढला जातो. आणि ॲल्युमिनियम कापायचं मनात असेल तर मशीनच्या सांगाड्याचा हिशोबच बदलतो.

इथे एक मोह सगळ्यांना होतो. आठ बाय चार फुटांची अख्खी शीट मशीनवर बसली पाहिजे, असं वाटतं. माझं मत ठाम आहे: पहिलं मशीन ६०० बाय ६०० मिलिमीटरच्या आत ठेवा. का, ते थोड्या वेळात आकड्यांनीच सांगतो.

सुताराच्या रंध्यातून लाकडाचा कीस निघतो, पटाशीने ढलपी निघते, करवतीखाली भुसा पडतो. राऊटरचा कटर नीट चालला असेल तर भरीव लाकडातून बारीक बारीक ढलप्या पडतात. चिमटीत धरल्या तर त्यांना कडा जाणवतात. पिठासारखा भुसा पडत असेल, वास करपल्याचा येत असेल आणि खाचेच्या कडा काळवंडल्या असतील, तर कटर कापत नसून घासतो आहे. एमडीएफला मात्र ही कसोटी लागू नाही. त्यात लांब धागेच नसतात, त्यामुळे त्याचं पीठच पडणार.

ढलपीची जाडी ही या सगळ्या प्रकरणातली पहिली संख्या आहे. दोन धारांचा कटर मिनिटाला १८,००० फेरे घेतो आणि प्रत्येक धारेने ०.०५ मिमी जाडीची ढलपी काढावी अशी आपली इच्छा आहे. १८,००० गुणिले २ गुणिले ०.०५ म्हणजे १,८०० मिमी. मशीनने मिनिटाला १,८०० मिलिमीटर पुढे सरकलं पाहिजे, आणि तेही कटर लाकडात असताना. मशीन ६०० मिमीच्या वर जाऊच शकत नसेल तर प्रत्येक धारेच्या वाट्याला ०.०१७ मिमी येतं. एवढ्या पातळ थराला धार धड चावू शकत नाही. ती घासते, तापते आणि बोथट होते. ढलपी तयार होते तेव्हा बरीचशी उष्णता आपल्याबरोबर घेऊन जाते. ती तयारच झाली नाही तर ती उष्णता कटरमध्ये आणि लाकडात राहते. म्हणून "हळू चालवलं की मशीनला सोपं जातं" ही समजूत राऊटरच्या बाबतीत महागात पडते. मशीन हळूच चालणार असेल तर स्पिंडलचे फेरे कमी करा किंवा एकाच धारेचा कटर लावा.

याच कारणाने फेरे कमीजास्त करता येणारा स्पिंडल घ्यावा. सुताराकडे असतो तो हातातला ट्रिमर सुरुवातीला उत्तम चालतो: स्वस्त, हलका, कुठल्याही गावात दुरुस्त होणारा. त्याचे दोष म्हणजे आवाज, झिजणारे कार्बन ब्रश आणि कोलेटचा, म्हणजे कटरची दांडी धरणाऱ्या तोंडाचा, गोंधळ. काही ट्रिमरना पाव इंची कोलेट असतं, म्हणजे ६.३५ मिमी. त्यात ६ मिमीच्या दांडीचा कटर घट्ट धरला जात नाही. कामाच्या मधोमध तो खाली सरकतो आणि जाळीच्या खाचेची खोली वाढत जाते. दुकानात उभे असतानाच कोलेट बघून घ्या.

दुसरा मार्ग व्हीएफडीवर चालणाऱ्या थ्री-फेज स्पिंडलचा. घरची २३० व्होल्टची सिंगल फेज वीज घेऊन व्हीएफडी स्वतःच तीन फेज तयार करतो आणि फ्रिक्वेन्सी ४०० हर्ट्झपर्यंत चढवून दोन पोलांच्या मोटरीला मिनिटाला २४,००० फेऱ्यांपर्यंत नेतो. आवाज इतका कमी की कटर लाकडात कसा चालला आहे ते कानाने कळतं. ही सोय फार मोठी आहे. पण २.२ किलोवॅटचा स्पिंडल भिंतीवरच्या साध्या ५ अँपिअरच्या प्लगवर लावायचा नाही. १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, खरंखुरं अर्थिंग आणि गळतीच्या विजेवर तुटणारा ब्रेकर, या तीन गोष्टी आधी. आणि मेन स्विच बंद केल्यावरही व्हीएफडीच्या आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकी वीज काही मिनिटं राहते. झाकण उघडायची घाई करू नका.

आता सांगाडा. या पुस्तकाची जवळजवळ निम्मी पानं मी त्याला दिली आहेत.

माझ्या पहिल्या मशीनमध्ये १६ मिमी व्यासाचे गोल स्टीलचे रॉड होते, फक्त दोन टोकांवर टेकवलेले. मोटर छान फिरायची, रिकामं मशीन पेनाने कागदावर सुबक फुलं काढायचं. सागात पहिली जाळी कापली तेव्हा चौकोनाच्या चारही बाजू थोड्या पोटाकडे फुगलेल्या निघाल्या, आणि रेषा जिथून सुरू झाली तिथे परत येऊन मिळेना. मी आठवडाभर प्रोग्रॅममध्ये चूक शोधत होतो. शेवटी टूलरूमची सवय कामाला आली. डायल गेज लावला, रॉडच्या मध्यावर दहा किलोचं वजन टांगलं आणि काटा बघितला.

तो काटा काय दाखवणार हे कागदावरही काढता येतं. ६०० मिमी लांबीचा, १६ मिमीचा एक रॉड मध्यावर दहा किलोच्या भाराने सुमारे ०.७ मिमी वाकतो. दोन रॉडवर भार वाटला तरी ०.३५. जाळीच्या कामात एवढा फरक डोळ्यांना दिसतो. आता लांबी दुप्पट करा, १,२०० मिमी. वाक दुप्पट होत नाही, आठपट होतो, कारण तो लांबीच्या घनाने वाढतो: एका रॉडला सुमारे साडेपाच मिमी. अख्खी शीट बसवण्याचा मोह टाळा म्हटलं ते यासाठी. मात्र जाडीच्या बाबतीत हाच हिशोब आपल्या बाजूने वळतो. गोल रॉडचा व्यास दुप्पट केला तर वाक सोळाव्या हिश्शावर येतो. चौकोनी बॉक्स पाइपची उभी उंची वाढवली की तो कसा ताठ होतो ते फॅब्रिकेशनवाल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तो पाइप उभाच लावतो.

स्टील ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट ताठ असतं. ॲल्युमिनियमची खाचांची प्रोफाइल दिसायला देखणी, कापायला सोपी, बोल्टांनी जोडता येणारी. म्हणून तयार किटांमध्ये ती असते. पण ज्याच्या गावात एक बरा वेल्डर आहे त्याने जाड भिंतीच्या स्टील बॉक्स पाइपचा सांगाडा करावा, असं मी सांगेन. वेल्डिंगने पाइप ओढला जातो, हे खरं. त्यावर उपाय असा की रेल थेट वेल्डिंगच्या फ्रेमवर न बसवता आधी फ्रेम पूर्ण करायची, थंड होऊ द्यायची आणि मग रेलखाली शिम घालून पातळी मिळवायची. प्लायचा सांगाडा कोकणात किंवा घाटमाथ्यावर बांधणाऱ्यांनी पावसाळ्याचाही विचार करावा. मे महिन्यात काटकोनात असलेलं मशीन ऑगस्टमध्ये तसं राहत नाही.

काटकोन मिळवायची युक्ती गवंड्याकडून घ्या. घराच्या पायाची आखणी करताना तो एका दोरीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट मोजतो आणि तिरका पाच फूट आला की खूण करतो. बेडवर ९०० आणि १,२०० मिमीच्या खुणा करा, कर्ण १,५०० आला पाहिजे. मशीन लहान असेल तर ३००, ४०० आणि ५००. जेवढा मोठा त्रिकोण, तेवढी गुण्यापेक्षा ही पद्धत अचूक. मशीन चालू झाल्यावर त्याच्याकडूनच अशा तीन टोकांना बारीक भोकं पाडून घ्या आणि मोजा. गॅन्ट्री तिरकी असेल तर तिथेच पकडली जाते.

रेलबद्दल थोडक्यात: टोकांवर टेकवलेले नुसते गोल रॉड नकोत. पूर्ण लांबीभर खालून आधार असलेले गोल रेल ठीक. एचजीआर १५ किंवा २० मापाचे चौकोनी रेल सगळ्यांत चांगले, मात्र त्यांना सपाट बैठक लागते; वाकड्या पाइपवर आवळले की गाडी मध्येच जड चालते.

स्क्रू, पट्टा की रॅक? थ्रीडी प्रिंटरमध्ये दिसणारा आठ मिमी व्यासाचा टी-८ स्क्रू एका फेऱ्याला ८ मिमी पुढे जातो. लहान मशीनच्या झेड अक्षाला तो चालेल. त्याच्या आट्यांत आणि नटात थोडा प्ले असतो आणि वापराने वाढतो. १६०५ हा बॉलस्क्रू, म्हणजे १६ मिमी व्यास आणि फेऱ्याला ५ मिमी चाल, घरगुती राऊटरला मला सगळ्यांत योग्य वाटतो. मात्र लांब आणि बारीक स्क्रू वेगात फिरवला की तो उडीच्या दोरीसारखा मध्ये झुलतो. मीटरभराच्या पुढे गेलात की त्याचा वेग आवरता घ्यावा लागतो. मोठ्या मशीनला रॅक लावतात ते यामुळेच. पट्टा वेगवान असतो, पण भाराखाली ताणला जातो. खोदकामाला चालेल, आरपार कापायला नको.

मोटरच्या खोक्यावर नेमा २३ लिहिलेलं असतं. ते ताकदीचं माप नाही. पुढच्या चौकोनी तोंडाची बाजू २.३ इंचांच्या आसपास, प्रत्यक्षात सुमारे ५७ मिमी, एवढाच त्याचा अर्थ. नेमा १७ म्हणजे १.७ इंच. ताकद वेगळी लिहिलेली असते आणि तीही थांबलेल्या मोटरची. वेग वाढला की स्टेपर मोटरची ताकद झपाट्याने उतरते, कारण तिच्या वेटोळ्यांत करंट चढायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ मिळत नाही. करंट लवकर चढवायचा तर व्होल्टेज जास्त हवं. म्हणून नेमा २३ मोटर १२ व्होल्टवर मरगळलेली वाटते आणि तीच ३६ किंवा ४८ व्होल्टवर वेगळी वागते. पण ४८ व्होल्ट द्यायचे तर ड्रायव्हर तेवढे सोसणारा हवा. डीएम ५४२ सोसतो. शील्डवर बसणारा अंगठ्याच्या नखाएवढा ए ४९८८ पंख्याशिवाय एका अँपिअरच्या आसपासच नीट चालतो, त्यावर नेमा २३ चालवू नका. सांगाडा जड केलात तर मोटर वाढते, मोटर वाढली की ड्रायव्हर आणि पॉवर सप्लाय वाढतो. तपकीर गल्लीतून पहिल्या दिवशी आणलेली पिशवी निरुपयोगी ठरते ती इथे.

साध्या स्टेपर मोटरमध्ये आणखी एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. कंट्रोलर तिला पाऊल टाक म्हणून सांगतो, तिने ते टाकलं की नाही हे तो तपासत नाही. भार जास्त झाला आणि पाऊल चुकलं तर मशीन त्याच चुकलेल्या जागेवरून पुढचं सगळं काम शांतपणे कापत राहतं.

आता हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर जिथे भेटतात तो आकडा. मोटर एका फेऱ्याला २०० पावलं टाकते. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे आठ भाग करतो. स्क्रू फेऱ्याला ५ मिमी जातो. तेव्हा १,६०० भागिले ५, म्हणजे एका मिलिमीटरला ३२० स्पंदनं. आर्डुइनो उनोवर चालणारं जीआरबीएल हे सॉफ्टवेअर सेकंदाला सुमारे ३०,००० स्पंदनं देऊ शकतं. भागाकार केला तर सेकंदाला जवळजवळ ९४ मिमी, मिनिटाला ५,६०० मिमीच्या थोडं वर. ढलपीच्या हिशोबाने आपल्याला १,८०० हवे होते. म्हणजे १६ मेगाहर्ट्झचा, ३२ किलोबाइट मेमरीचा तो छोटासा बोर्ड पुरतो आणि वर उरतो.

आता कुणी हौसेने ड्रायव्हरवर ३२ भाग लावले, तर मिलिमीटरला १,२८० स्पंदनं लागतील आणि तोच बोर्ड मिनिटाला १,४०० मिमीवर अडकेल. ढलपी पुन्हा पातळ होईल. त्या बदल्यात अचूकता मिळते म्हणावं तर तीही नाही, कारण पावलाचा इतका लहान भाग भाराखाली मोटर नेमका पाळत नाही. आठ ठेवा, फार तर सोळा. पिशवीतली जी वस्तू सगळ्यांत आधी विकत घेतली जाते तिची निवड अशी शेवटी पाच मिनिटांच्या गुणाकार-भागाकाराने होते.

ही स्वस्ताई कुठून आली हे नव्या कारागिराला माहीत असावं असं मला वाटतं. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवत होते. पात्याचा वक्र आकडेमोडीने ठरवलेल्या बिंदूंवरून कापायची त्यांची कल्पना. त्यातून हवाई दलाच्या पैशावर एमआयटीत काम सुरू झालं आणि १९५२ मध्ये सिनसिनाटी कंपनीचं एक मिलिंग मशीन छिद्रांच्या कागदी पट्टीवरून चालवून दाखवलं गेलं. त्याचा कंट्रोलर निर्वात नळ्यांनी भरलेला होता. पुढे १९९० च्या दशकात अमेरिकेच्या सरकारी मापन संस्थेने, एनआयएसटीने, साध्या संगणकावर चालणारा मशीन कंट्रोलर लिहिला आणि तो लोकांना खुला केला. त्याचंच आजचं रूप लिनक्ससीएनसी. आर्ट फेनर्टी यांच्या मॅक३ ने विंडोजच्या संगणकावरून हीच सोय हजारो छोट्या वर्कशॉपांत नेली. २००९ मध्ये नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कॉग्सरुड यांनी जीआरबीएल लिहायला घेतलं, नंतर ते सॉनी जिऑन यांनी वाढवलं, आणि ते फुकट व खुलं ठेवलं. आपण पाच मिनिटांत निवडतो त्या बोर्डामागे एवढ्या लोकांची वर्षं आहेत.

निवड करताना तत्त्व एकच धरा: स्पंदनांची वेळ कोण सांभाळतो? विंडोज एकाच वेळी पन्नास कामं करत असतं, त्यामुळे नेमक्या मायक्रोसेकंदाला स्पंदन देण्याची हमी ते देऊ शकत नाही. मॅक३ जुन्या पॅरलल पोर्टवरून हे साधत असे. नव्या संगणकांना तो पोर्टच नाही, म्हणून आज नव्याने त्या वाटेला जाऊ नये. लिनक्ससीएनसी रिअल-टाइम लिनक्सवर चालतं, फार समर्थ आहे, पाच अक्षही चालवतं. पण संगणक त्याला मानवतो का हे आधी लेटन्सी चाचणी घेऊन बघावं लागतं. जीआरबीएलमध्ये वेळ सांभाळायचं काम बोर्ड स्वतः करतो आणि संगणक फक्त ओळी पुरवतो. ते पुढच्या १६ हालचाली आधी बघून वेग ठरवतं. उठावाच्या नक्षीत हजारो आखूड तुकडे असतात, तिथे ही नजर कमी पडते आणि मशीन अडखळतं. तसं काम करायचं असेल, किंवा गॅन्ट्रीच्या दोन बाजूंच्या दोन मोटरी स्वतंत्रपणे होम करून पूल सरळ ठेवायचा असेल, तर ईएसपी ३२ वरचं फ्लुइडएनसी किंवा ३२ बिटांच्या बोर्डावरचं जीआरबीएल-हॅल घ्या. फर्निचरच्या कारखान्यांत हातात धरायचा डीएसपी कंट्रोलर दिसतो. धुळीच्या जागी संगणक नको असेल तर तोही चांगला.

वीज जाते तेव्हा काय, हा आपल्याकडचा रोजचा प्रश्न. बोर्डाला आपण कुठे होतो ते आठवत नाही, पण कामाचा शून्यबिंदू जी-५४ या नावाच्या नोंदीत साठवलेला राहतो. त्याचा उपयोग व्हायचा तर मशीनला दरवेळी तोच मूळ कोपरा सापडला पाहिजे. म्हणून लिमिट स्विच पहिल्या दिवसापासून लावा. त्यांच्या तारांबद्दल माझा एक धडा. दुसऱ्या मशीनवर स्पिंडल सुरू केला की लिमिट लागल्याचा अलार्म यायचा आणि काम बंद पडायचं. पुन्हा मी प्रोग्रॅमलाच दोष देत बसलो, तीन आठवडे. स्विचच्या साध्या तारा मी व्हीएफडीच्या केबलबरोबर एकाच पट्टीने बांधल्या होत्या. तारा वेगळ्या केल्या, व्हीएफडीची केबल शील्ड असलेली घेतली, शील्ड एका टोकाला अर्थ केलं, आणि अलार्म थांबला. आणि लाल इमर्जन्सी बटण सॉफ्टवेअरच्या बटणावर सोपवू नका. त्याने स्पिंडलची आणि मोटरींची वीज प्रत्यक्ष तुटली पाहिजे.

राहिलं चित्र काढण्याचं आणि त्यातून कटरचा मार्ग काढण्याचं सॉफ्टवेअर. आपल्या बाजारात वर्षानुवर्षं एकच जोडी चालली: कोरलड्रॉमध्ये चित्र, आर्टकॅममध्ये मार्ग. ऑटोडेस्कने आर्टकॅमची डेलकॅम ही कंपनी घेतली आणि २०१८ मध्ये आर्टकॅम बंद केलं, तरी त्याच्या चोरीच्या प्रती अजून पेन ड्राइव्हवरून फिरतात. नव्याने शिकणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये असं मी कळकळीने सांगतो. बंद पडलेल्या चोरीच्या सॉफ्टवेअरवर आयुष्याचं कौशल्य उभं करायचं कशाला, जेव्हा इंकस्केप आणि फ्रीकॅड मोफत आणि खुले आहेत? व्हीकार्व्ह विकत घेण्यासारखं आहे, काम मिळू लागलं की घ्या. फ्यूजनची घरगुती आवृत्ती उत्तम आहे, पण २०२० मध्ये कंपनीने तिच्यातल्या काही सोयी काढून घेतल्या, हे लक्षात ठेवून वापरा.

मराठी नावाच्या पाटीसाठी इंकस्केप वापरायला मी आग्रहाने सांगतो. मार्ग काढणाऱ्या अनेक (कॅम) सॉफ्टवेअरना देवनागरी जुळत नाही. जोडाक्षरं तुटतात, पहिली वेलांटी व्यंजनाच्या चुकीच्या बाजूला पडते. इंकस्केपमध्ये "श्रीकृष्ण" हा शब्द नीट उमटतो. पण तेवढ्याने काम होत नाही. अक्षरांचं पाथमध्ये रूपांतर केल्यावर प्रत्येक अक्षराची शिरोरेखा वेगळा तुकडा असते आणि शेजारच्या तुकड्यावर थोडी चढलेली असते. तसंच मशीनला दिलं तर कटर शिरोरेखेच्या आत प्रत्येक जोडाजवळ शिरतो आणि सरळ रेघ दातेरी होते. सगळे तुकडे युनियन करून एक अखंड बाह्यरेषा करायची आणि मग मार्ग काढायचा. ६ मिमीचा कटर आतल्या कोपऱ्यात ३ मिमीची गोलाई सोडणारच. "क्ष" आणि "ज्ञ" यांच्या गाठी त्यात बुजतात. तिथे व्ही-बिट लागतो. आणि फाइल पाठवण्यापूर्वी पहिल्या ओळींत जी-२१ आहे ना ते बघा. जी-२० असेल तर मशीन आकडे इंचात वाचेल आणि प्रत्येक चाल २५.४ पट होईल.

धुळीबद्दल एक विनंती. लाकडाची धूळ कर्करोगाला कारण ठरते असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलं आहे, आणि एमडीएफमध्ये त्याशिवाय फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो. व्हॅक्यूम आणि सायक्लोनचा खर्च मशीनच्या पहिल्या अंदाजपत्रकातच धरा. घरात लहान मुलं असतील तर राऊटर राहत्या खोलीत ठेवू नका.

आता पुस्तकाच्या पद्धतीबद्दल. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करत शिकण्याच्या विचारावर. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी, म्हणजे यंत्रांवर वस्तू बनवायला शिकण्याच्या कार्यशाळांपैकी, एक २००२ मध्ये तिथे आली. शाळा सुटलेल्या मुलांनी यंत्र बनवता बनवता गणित आणि विज्ञान शिकावं ही कल्पना मला फार जवळची आहे. वाकाचा घननियम मी परीक्षेसाठी पाठ केला होता; समजला तो त्या १६ मिमीच्या रॉडवर दहा किलोचं वजन टांगलं तेव्हा. म्हणून या पुस्तकात प्रत्येक सूत्राबरोबर एक वजन, एक दोरी किंवा एक डायल गेज आहे.

पहिल्या प्रकरणात एकही तार नाही. त्यासाठी सागाचा एक फूटभर तुकडा, ६ मिमीचा दोन धारांचा कटर आणि शेजारच्या सुताराकडून तासाभरासाठी मागून आणलेला ट्रिमर एवढंच लागेल. तुकडा शिकंजात घट्ट आवळा, चष्मा आणि मास्क लावा, दोन मिलिमीटर खोल खाच आधी अगदी सावकाश मारा आणि मग शेजारी तशीच दुसरी जरा झपाट्याने. दोन्हींचा खाली पडलेला माल वेगवेगळ्या कागदांवर गोळा करा आणि उजेडात नेऊन बघा.